विकलं काय, घेतलं काय

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातलं ‘प्रभात’ चित्रपटगृह २०१४च्या अखेरीस बंद झालं, तेव्हा शेजारच्या सदाशिव पेठेत हळहळ पुष्कळ झाली. कराराबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. इमारत किबे घराण्याची, चालवणारे दामले. भाडेपट्टा संपला, वास्तू मालकांकडे गेली आणि ‘किबे लक्ष्मी’ हे मूळ नाव पुन्हा लागलं.

प्रभात फिल्म कंपनीचंही असंच झालं होतं. १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढलेली ही कंपनी १९३३मध्ये पुण्यात आली. भागीदारांपैकी शांतारामबापू १९४२मध्ये बाहेर पडले, विष्णुपंत दामले १९४५मध्ये वारले, १९५३मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. स्टुडिओच्या जागेत १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली. चित्रपट वेगळ्याच हाती गेले होते. विष्णुपंतांचे चिरंजीव अनंतराव यांनी ते पुढे परत मिळवले. जागा एकीकडे, ‘संत तुकाराम’सारखे चित्रपट दुसरीकडे. या धंद्यातली मेख हीच.

आज एखादी निर्मितीसंस्था विकायला निघते तेव्हा कॅमेरे-खुर्च्यांची यादी अर्ध्या तासात होते. वेळ खातात ते जुने कागद. वाडा बिल्डरला देताना नागपूरच्या आत्याची सही राहिल्याचं निघावं, तसा इथे एखाद्या गीतकाराचा करारच सापडत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायला कॉपीराइट कायद्याला लेखी, सहीचा कागद लागतो. त्यात मुदत नसेल तर पाच वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत. २०१२च्या दुरुस्तीनंतर तर करारावेळी नसलेलं माध्यम नाव घेऊन लिहिलेलं नसेल, तर त्याचे हक्क मिळतच नाहीत. ‘सर्व हक्क कायमचे’ या लाडक्या वाक्याची किंमत तेवढीच!

म्हणून घेणारा हक्क खरोखर विकणाऱ्याचेच असल्याची हमी मागतो, हमी खोटी ठरली तर भरपाई किती आणि किती वर्षं हे लिहून घेतो, थोडी रक्कम एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यात, अडकवतो. घासाघीस किमतीपेक्षा इथे व्हावी. आपला निर्माता नेमका इथेच ‘संबंध बिघडतील’ म्हणून गप्प बसतो.

संबंध बड्यांचेही बिघडतात. झी आणि सोनी यांनी डिसेंबर २०२१मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सह्या केल्या. स्पर्धा आयोगाची सशर्त मंजुरी २०२२मध्ये आली, कंपनी न्यायाधिकरणाची ऑगस्ट २०२३मध्ये. व्यवहार पुरा करायची मुदत डिसेंबरात संपली, वर महिनाभराची सवलतही सरली. नव्या कंपनीचा प्रमुख कोण, यावरचा वाद वर्तमानपत्रांत गाजत होता. २२ जानेवारी २०२४ला सोनीने करार रद्द करताना अटी पूर्ण झाल्या नाहीत, एवढंच कारण दिलं. मग करारमोडीचे नऊ कोटी डॉलर दोघांनीही एकमेकांकडे मागितले आणि ऑगस्टमध्ये दोघांनीही दावे मागे घेतले. वकिलांची बिलं तेवढी चुकली नसणार.