टेबलावरचं पान

घरी काही विशेष असलं की आमच्याकडे अजूनही खाली पंगत बसते. सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंज्या घालायच्या, पाट मांडायचे, झालं. पण मागच्या दोन-तीन कार्यांत एक गोष्ट मला खटकत होती. आजी पंगतीत नसायची. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, आणि गेल्या वर्षीच्या आजारपणापासून उजवा हात साथ देत नाही. डाव्या हाताने चार माणसांत कसं जेवायचं, म्हणून ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून सगळ्यांच्या आधी उरकून घ्यायची. विचारलं तर म्हणायची, "मला भूकच लवकर लागते गं."

यंदा तिच्या पंचाहत्तरीला ठरवलं, पंगत टेबलावर. तिची अट एकच होती. "बसते. पण पान रीतसर वाढायचं. बुफेसारखं जागा मिळेल तिथे काहीबाही टाकलंत तर उठून जाईन." आता ही रीत म्हणजे नेमकं काय आणि ती टेबलावर कशी बसवायची, हे मला शिकावंच लागलं. तेच इथे सांगते.

आधी पान. केळीचं असेल तर त्याचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे येतं. ताट असलं तरी पदार्थांच्या जागा त्याच. वर मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. त्याच बाजूला खाली पापड, भजी. उजवीकडे भाज्या, आमटीची वाटी, गोडाची वाटी. मध्ये, आपल्या अगदी समोर, भाताची मूद, तिच्यावर वरण. तूप सगळे बसल्यावर. जुन्या बायका चटणी-कोशिंबिरीला सरळ "डावी बाजू" असंच म्हणतात. "डावी बाजू वाढून झाली का?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले, अर्थ आत्ता कळला.

यामागे साधा हिशेब आहे. जेवतो उजवा हात. जे भरपूर लागतं, कालवायचं असतं, ते त्या हाताशी. जे चिमूटभर, तोंडाला चव आणण्यापुरतं, ते पलीकडे. पाण्याचं भांडंही आमच्याकडे डावीकडे ठेवतात, कारण उजवा हात खरकटा असतो.

माझ्या एका मैत्रिणीने मला काट्या-चमच्यांची मांडणी दाखवली, तेव्हा गंमत वाटली. तिथेही सगळं हातांवरच ठरलेलं. काटा ताटाच्या डावीकडे, सुरी उजवीकडे आणि तिची धार ताटाकडे वळलेली, चमचा सुरीच्या पलीकडे. जे आधी लागणार ते सगळ्यांत बाहेर; एकेक पदार्थ येईल तसं बाहेरून आत यायचं. पाण्याचा ग्लास मात्र सुरीच्या टोकाशी, म्हणजे उजवीकडे. हात खरकटे होत नाहीत ना! त्यामुळे दोन्ही पद्धतींची सरमिसळ करताना ग्लासाची जागा आधी ठरवा. माणसं हाताने जेवणार असतील तर ग्लास डावीकडेच. हॉटेलचा फोटो बघून उजवीकडे मांडलात, तर पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या ग्लासांना वरणाची बोटं लागलेली दिसतील.

जागेचं गणित मात्र परदेशी पद्धतीतूनच उचललं. एका माणसाला टेबलाची साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट लांबी हवी. आमचं टेबल सहा फुटी. दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एकेक, असे आठ जण. आम्ही अकरा होतो. मग बाबांचं लिहायचं टेबल जोडलं आणि वर एकच पांढरी चादर घातली. उंचीत बोटभर फरक होता, तो जुन्या मासिकांनी भरून काढला. ताट कडेपासून इंचभर आत ठेवायचं, नाहीतर येता-जाता कोपराने खाली येतं.

खाली बसलेल्या पंगतीत वाढणारा समोरून चालतो. टेबलाला समोर माणसंच असतात, म्हणून मागूनच यावं लागतं. मागून आलात तर जेवणाऱ्याच्या डाव्या अंगाने वाढा. उजवं कोपर सारखं हलत असतं, आमटी त्याच्यावर सांडते.

केळीची पानं टेबलावर घसरतात. धुऊन, पुसून ती ताटात बसतील अशी कापली. विस्तवावरून किंचित फिरवली की मऊ होतात, चिरत नाहीत. आजोबांच्या काळी इकडे माळव्यात पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण असत, त्यांना हा त्रास नव्हता. पातळ पदार्थ वाटीतच हवेत. रांगोळीचा मोह मला झाला होता, पण टेबलावर पूड उडून अन्नात जाते. झेंडूच्या पाकळ्यांची महिरप केली. फुलदाणी काढूनच टाकली. समोरच्याचं तोंड दिसलं नाही तर एकत्र जेवून काय उपयोग? उदबत्तीही देवापाशीच ठेवली. मसालेभाताचा वास घ्यायचा असतो.

आता खरा प्रश्न. पान कितीही छान मांडलं तरी वाढणार कोण? आमच्याकडे बायकांची पंगत शेवटी असते, आणि ती बहुतेक वेळा ओट्याशी उभ्यानेच उरकते. सगळ्यांनी एकदम बसायचं तर पदार्थ त्या हिशेबाने ठरवायला हवेत. गरम पोळीचा हट्ट आम्ही सोडला, कारण गरम पोळी म्हणजे कोणीतरी एक तव्यापाशी. पुरणपोळ्या सकाळीच करून ठेवल्या. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं माणसं यायच्या आधी पानात. कोशिंबिरीत मीठ आणि दही अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटून पानभर ओघळ. पापड सगळ्यांत शेवटी. मसालेभात, आमटी, ताक मागच्या स्टुलावर झाकून ठेवलं आणि दर फेरीला वेगळा माणूस उठेल असं ठरवलं. पहिली फेरी बाबा आणि काका. काकांनी आमटीचा डाव पहिल्यांदाच धरला असावा. पण आग्रह मात्र असा केला की आत्याने दोन्ही हात पानावर आडवे धरले.

वाढप्याशिवाय वाढायची सगळ्यांत थाटाची सोय ग्वाल्हेरला पाहिली होती. तिथल्या जयविलास महालात, जो १८७४ साली बांधला, जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ आहेत आणि त्यावर चांदीची छोटी आगगाडी. ती पाहुण्यांपुढे मद्याच्या बाटल्या आणि सिगार घेऊन फिरायची. बाटली उचलली की थांबायची. माझ्या लहान भावाने ताकासाठी तसली गाडी करायचा प्रस्ताव मांडला होता. तो फेटाळण्यात आला.

राहिलं आजीचं पान. तिचा हात डावा, तर सगळा नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा करायचा, असं मी ठरवलं. भाज्या, आमटी, गोड डावीकडे; चटणी, कोशिंबीर उजवीकडे. पण मांडून बघितलं तर पूर्ण उलटून चालत नव्हतं. ग्लास उजवीकडे ठेवला असता तर तिला तो उचलताच आला नसता. मग ग्लासही डावीकडेच, हलका, अर्धाच भरलेला, आणि शेजारी ओला नॅपकिन, म्हणजे बोटं पुसून ग्लास धरता येईल. वाट्या पसरट बुडाच्या घेतल्या, एका हाताने जेवताना कलंडू नयेत म्हणून. पोळीचे तुकडे आधीच करून ठेवले. ते मात्र सगळ्यांच्याच पानात केले, तिच्या एकटीच्या नाही. जागा तिची टेबलाच्या डाव्या टोकाला होती, म्हणजे तिचं कोपर कुणाला लागणार नव्हतं.

आजी आली, बसली, पानाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता उठते. तिने मीठ बघितलं, मूद बघितली, उलट्या बाजूच्या वाट्या बघितल्या. मग डाव्या हाताने लिंबाची फोड उचलली आणि उजवीकडून तिच्या नेहमीच्या जागी, डावीकडे नेऊन ठेवली.

"बाकीचं राहू दे तसंच," ती म्हणाली. "तूप वाढा आता. भात निवतोय."

ताकभातापर्यंत ती बसून होती. पुरणपोळी तिने दुसऱ्यांदा मागून घेतली.