गुळवेल ओळखणार कोण?

काळाचौकी-परळच्या पट्ट्यात झाडपाल्याच्या औषधाला कधी तोटा पडला नाही. गिरणीत कामाला आलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी गावाकडची मुळी-साल सोबत आणली, लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मिरची-धन्यांशेजारी सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध मिळतं, आणि गल्लोगल्ली बीएएमएस डॉक्टरांच्या पाट्या आहेत. तरीही एका साध्या प्रश्नाला धड उत्तर मिळत नाही: रुग्णाच्या पोटात जाणारी काडी नेमकी कोणत्या वेलीची, हे पाहायचं कुणी? वनौषधींनी उपचार करणाऱ्याचं शिक्षण इथेच कसाला लागतं, असं माझं मत आहे. वनस्पती आणि रुग्ण या दोघांनाही ओळखणारा तो वैद्य. आपण ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांना वाटून दिली आणि मधली जबाबदारी कुणाकडेच उरली नाही.

गुळवेलीचंच घ्या. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी गुळवेल देऊन पाहिली. जंतुसंसर्गाला तोंड देण्याची ताकद वाढते, असं त्यांना आढळलं. रुग्ण निवडलेले होते, मात्रा ठरलेली होती, रक्ताच्या तपासण्या चालू होत्या. मग 2020 ची कोविडची साथ आली आणि तीच वेल घरोघरी उकळू लागली. किती घ्यायची, किती दिवस, काही धरबंध नाही. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईतच यकृताला इजा झालेले सहा रुग्ण यकृततज्ज्ञांना आढळले. त्यांचा अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आत दबून असलेला ऑटोइम्यून आजार गुळवेलीने उघड केला असावा, असा त्यांचा कयास होता. आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं की खाल्लेली वनस्पती तपासलेलीच नाही, ती गुळवेलीचं भावंड टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. आक्षेप रास्त होता. गुळवेलीच्या जून खोडावरची साल कागदासारखी पातळ सुटते, आत हिरवं दिसतं, आडवा छेद घेतला की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. क्रिस्पाचं खोड गाठीगाठींचं, चामखीळ उठल्यासारखं असतं. हातात घेऊन पाहिलं तर फरक कळतो, पूड केल्यावर नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. पण मंत्रालयाच्या युक्तिवादाने प्रश्न सुटत नाही, तो वाढतो. वेल चुकीची होती असं मानलं तर ती ओळखायला कुणी नव्हतं. बरोबर होती असं मानलं तर हा रुग्ण ती घेण्याजोगा आहे का, हे विचारायला कुणी नव्हतं. 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधून अशा 43 रुग्णांची नोंद झाली, तेव्हा सगळं खापर क्रिस्पावर फोडणं आणखी अवघड झालं.

हे ओळखायला शिकलेली माणसं नाहीत असं नाही. वरळीचं पोदार आयुर्वेद महाविद्यालय 1941 पासून चालू आहे. बीएएमएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात आणि त्यात औषधी वनस्पतींचा द्रव्यगुण हा विषय येतो. मुंबई इलाख्याने 1938 च्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू केली, तीही याच शिक्षणाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून. पुढे 1992 मध्ये राज्य सरकारच्या अधिसूचनेने या पदवीधरांना आधुनिक औषधं देण्याचा मार्ग मोकळा झाला. गिरणगावातल्या गरिबाला चाळीच्या खालीच डॉक्टर मिळाला, हे काही थोडं झालं नाही. पण ज्याला दिवसभर पॅरासिटामॉल लिहायचं आहे त्याने गुळवेलीचं खोड कापून कशाला पाहावं? ज्याचा हात अजून त्या वेलीवर आहे तो वैदू मात्र नोंदणीच्या बाहेर, आणि रुग्णाच्या तपासण्यांचा रिपोर्ट त्याला कुणी दाखवत नाही.

यावर कुणी म्हणेल, आता कारखाने प्रमाणित गोळ्या देतात, वैद्याने झाड ओळखायची गरज काय? ब्रुसेल्सचा अनुभव आठवावा. तिथे 1990 च्या सुमारास वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी नावाने जवळची दुसरी, ॲरिस्टोलोकिया जातीची, मुळी गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. औषध लिहून देणारे रीतसर डॉक्टर होते. भरड पाहून शंका घेणारा कुणी नव्हता. दुसरा आक्षेप असा की कडक नियम लावले तर परंपरेने चालत आलेली विद्या मरेल. यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये वनौषधी वैद्यांची संस्था 1864 पासून आहे आणि तिथेही सरकारी नोंदणी सक्तीची झालेली नाही. म्हणून मी परवान्यांचं नवं जंजाळ मागत नाही. आपला औषध कायदा वैद्याला स्वतःच्या रुग्णासाठी परवान्याशिवाय औषध बनवू देतो. ही मोकळीक राहू द्यावी. तिच्या बदल्यात एवढंच मागावं की त्याने प्रत्येक खेपेच्या मालाची मूठभर काडी, आणल्याची जागा आणि तारीख लिहून, पिशवीत जपून ठेवावी आणि कुणाला किती दिली याची वही ठेवावी. 2020 मध्ये गुळवेल देणाऱ्या प्रत्येकाकडे अशी पिशवी असती, तर वेल कोणती होती हा वाद खोडाचा एक छेद घेऊन मिटवता आला असता.