दोर सुटण्यापूर्वीची घटका

गेल्या मार्गशीर्षात मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर, तीन रात्रींच्या गोव्याच्या सफरीची तिकिटे हाती धरून आम्ही रांगेत उभे होतो, तेव्हा माझ्या मनात एक जुना हिशेब चालला होता. कोकणच्या आगबोटीत माणूस चढे तो कोठे तरी उतरावे म्हणून. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरांची माळ ओढत बोट पणजीस पोहोचे, आणि प्रत्येक बंदरी तिच्यावरील वस्ती पालटत जाई. आता मात्र आम्ही जेथे चढत होतो तेथेच चौथ्या दिवशी उतरणार होतो. प्रवासाचे प्रयोजन हाच प्रवास, असा हा नवा व्यवहार. आणि त्याच्या पहिल्या दिवसाविषयी, विशेषतः त्या दिवसातील ज्या एका घटकेकडे सर्व उतारू कंटाळून पाहतात तिच्याविषयी, मला येथे चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

जुन्या बोटीवरील पहिला दिवस म्हणजे जागेची लढाई. भाऊच्या धक्क्यावर शिडी लागताच वळकट्या, ट्रंका, पाण्याचे फिरकीचे तांबे आणि रडणारी मुले यांचा एक लोंढा डेकवर शिरे, आणि ज्याची सतरंजी आधी पसरली त्याची ती जहागीर ठरे. सनद, दाखला, दस्तऐवज काही लागत नसे. सतरंजी हाच सातबारा. अप्पर क्लासची मंडळी वरून हा देखावा पाहत असत, पण बोटीचा खरा संसार खालीच चाले. हर्णैसारख्या बंदरात बोट दूर खोल पाण्यात उभी राही, आणि हेलकावणाऱ्या पडावात माणसे व सामान खलाशांच्या हातांवर झेलून उतरविले जाई. त्या एका उडीच्या आठवणीने कोकणातील कित्येक म्हाताऱ्या पुढे आयुष्यभर अंगावर शहारे आणून घेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही बोट थांबली. १९९० च्या दशकात वेगवान कॅटॅमरान येऊन गेले, २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' आली आणि दोन वर्षांत गेलीही. २०२१ पासून 'एम्प्रेस' नावाचे जहाज मुंबईहून सफरी करू लागले. पण ती मुळी कोकणची बोट नव्हेच, ते एक तरंगते वसतिगृह आहे.

ऋतू मात्र दोघींचा एकच. पावसाळ्यात कोकणची वाहतूक बंद राही आणि समुद्र निवळल्यावर ती पुन्हा सुरू होई, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु हिवाळ्यात समुद्र निवळतो तो का, याचा विचार बोटीवर बसलेला उतारू क्वचितच करतो. पावसाळ्यातील नैर्ऋत्य वारा हजारो मैल मोकळ्या पाण्यावरून दौडत येतो आणि तितक्या अंतराच्या लाटा आपल्याबरोबर हाकीत आणतो. हिवाळ्यात वाऱ्याचा मुख्य ओघ जमिनीकडून समुद्राकडे असतो, आणि किनाऱ्याजवळच्या पाण्याला लाट उभारण्यापुरते अंतरच मिळत नाही. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून सुटणारे मतलई वारे यांच्या आळीपाळीच्या कारभाराचे गणित आमच्या नाखव्यांनी शिडांच्या काळापासून तोंडपाठ ठेवलेले होते. संध्याकाळी वाऱ्याचा हा पालट होताना डेकवर जो एक गार, ओल्या गवताचा वास घेऊन येणारा झोत लागतो, तो पहिल्या रात्रीचा खरा मानकरी.

हिवाळी सहलीचा जन्म मात्र सुखावह हवेतून झाला नाही, रिकाम्या जहाजांच्या चिंतेतून झाला. उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात प्रवासी मिळेनासे होत, आणि लाखोंच्या किमतीची जहाजे गोदीत उभी राहून मालकाचे व्याज तेवढे वाढवीत. हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालीन याने यावर तोड काढली. २२ जानेवारी १८९१ रोजी त्याने 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हे आपले उत्तम जहाज २४१ प्रवाशांसह कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे, निव्वळ सहलीसाठी, रवाना केले. धंदेवाइकांनी त्याची चेष्टा केली. पण सुमारे दोन महिन्यांनी जहाज परतले तेव्हा हिशेब त्याच्या बाजूने होता. चार दिवसांच्या सफरीचे मूळ आणखीच गमतीचे. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, आणि परदेशी निशाणाखालील जहाज किनाऱ्याच्या हद्दीबाहेर गेले की तेथे अमेरिकेचे फर्मान चालत नसे. तेव्हा न्यूयॉर्कहून निघून कोठेही न जाता परत येणाऱ्या सफरींना एकाएकी बरकत आली. आज आपण ज्याला कौटुंबिक करमणूक म्हणतो तिच्या वंशावळीत हा पूर्वज आहे, हे लपविण्यात अर्थ नाही.

'एम्प्रेस'चीही वंशावळ याच घराण्यातील. फ्रान्समधील सँ-नाझेर येथे बांधलेले हे जहाज १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने मायामीहून तीन-चार रात्रींच्या बहामा सफरींकरिताच पाण्यात उतरले. लांबी २११ मीटर, टनभार ४८ हजारांहून अधिक. येथे वाचकाने फसू नये: हा टन वजनाचा नव्हे. जहाजाचा टनभार म्हणजे त्याच्या पोटातील बंदिस्त जागेचे माप, आणि हा शब्द मद्याच्या मोठ्या पिंपाच्या नावावरून आला. ज्या जहाजात जितकी पिंपे मावतील तितकी त्याची जकात, अशी मध्ययुगीन बंदरातील रीत होती. म्हणजे जकातीच्या कारकुनाने घातलेले माप आज दिवाणखान्यातील फुशारकीचे साधन झाले आहे.

असो. आम्ही चढलो. केबिनीत सामान आले नव्हते, वरच्या मजल्यावर भोजनाचा सुवास दरवळत होता, पोहण्याच्या तलावाभोवती गाणी सुरू झाली होती, आणि अशा ऐन रंगाच्या वेळी भोंगा वाजला: सात वेळा आखूड, एकदा लांब. ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली की प्रत्येक उतारूने आपल्या केबिनीच्या दारामागे लिहिलेल्या ठिकाणी जमावे. मंडळी निघाली, पण कशी निघाली! कोणी हातातील बशी सोडीना, कोणी जीवरक्षक जाकीट घालून स्वतःची छायाचित्रे काढू लागला, आणि एका उत्साही गृहस्थांनी तर आपले सर्व कुटुंब जाकिटांसह होडीखाली उभे करून वरातीचा फोटो साधला. एक तरुण कर्मचारी जाकिटाचा पट्टा कसा आवळावा हे हातवाऱ्यांनी दाखवीत होता आणि त्याच्याकडे फारच थोडे डोळे लागलेले होते. मीही घड्याळ पाहिले, हे कबूल करतो. ती कवायत सुमारे एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, चालली असेल.

ही घटका कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने मुक्रर झालेली नाही. १९१२ च्या एप्रिलात 'टायटॅनिक' बुडाले तेव्हा त्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि सर्व होड्यांत मिळून जागा होती १,१७८ जणांची. एवढे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याहून बोचणारी गोष्ट ही की पहिली होडी खाली सोडली गेली तेव्हा ती निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. होड्या कमी, आणि ज्या होत्या त्यांत बसावयास माणसे तयार नाहीत, कारण कोणाला कोठे जावयाचे ते ठाऊक नाही, आणि प्रकाशाने झगमगलेले जहाज सोडून काळ्या पाण्यावर लोंबकळणाऱ्या होडीत बसणे हे वेडेपणाचे वाटत होते. सुमारे १,५०० जीव गेले. २० जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये राष्ट्राराष्ट्रांचा जो तहनामा झाला, त्यातून समुद्रावरील जीवितरक्षणाचे नियम जन्मले. त्याचे आज चालू असलेले रूप १९७४ चे आहे.

त्या नियमात एक फट मात्र राहून गेली होती. उतारू चढल्यापासून चोवीस तासांच्या आत कवायत व्हावी, एवढेच बंधन होते. १३ जानेवारी २०१२ रोजी, शुक्रवारी, 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज इटलीतील चिव्हितावेक्कियाहून संध्याकाळी सात वाजून गेल्यावर निघाले. हिवाळ्याची सफर, जहाजावर सुमारे ४,२०० माणसे, आणि त्यांपैकी सहाशेंहून अधिक त्याच दिवशी चढलेली. त्यांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हावयाची होती. नियमाप्रमाणे सारे रीतसर. पावणेदहाच्या सुमारास, लोक जेवणाच्या टेबलांवर असताना, जिल्यो बेटाच्या अगदी जवळून जाण्याच्या नादात जहाज खडकावर घासले आणि डाव्या कुशीला पन्नासएक मीटरांची भेग पडली. उतारूंना सांगण्यात आले की विजेचा बिघाड आहे. जहाज सोडण्याचा हुकूम सुटावयास एक तासाहून अधिक वेळ गेला; तोवर ते इतके कलले होते की एका बाजूच्या होड्या नीट सोडता येईनात. ३२ माणसे गेली. कर्मचाऱ्यांत भारतीय पुष्कळ होते, आणि सर्वांत शेवटी सापडलेला देह एका भारतीय वेटरचा होता. तो सापडला २०१४ च्या नोव्हेंबरात. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: कवायत जहाज सुटण्यापूर्वी, किंवा सुटताक्षणी, झालीच पाहिजे. आमच्या हातातील बशी जिने अडविली ती घटका जिल्यो बेटावरून आली होती.

आणि आमच्या स्वतःच्या किनाऱ्याने काय दिले? १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली शेफर्ड कंपनीची 'वैतरणा', जिला तिच्यावरील विजेच्या दिव्यांमुळे लोक 'विजळी' म्हणत, काठेवाडच्या किनाऱ्यापुढे वादळात अशी नाहीशी झाली की मागे काहीच उरले नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली. जेमतेम दीड-दोन तासांचा तो प्रवास. सहाशेंहून अधिक माणसे गेली, आणि मुंबईस ही वार्ता कळली ती दुपारनंतर, कोणी पोहत, कोणी कोळ्यांच्या होडीतून किनाऱ्यास लागल्यावर. महिन्याच्या आत स्वातंत्र्य आले आणि रामदासचे दुःख कोकणातील घराघरांत राहिले. दप्तरी ते फारसे गेले नाही. लहान प्रवासाला खबरदारी कशाला, ही आमची जुनी समजूत आहे, आणि मला तर वाटते की बुडालेल्या बोटींची यादी काढली तर तीत लांबच्या सफरींपेक्षा जवळच्या फेऱ्याच आपल्याला अधिक सतावतील.

दोर सुटले तेव्हा ऊन कलले होते. बंदराचा आरकाटी, म्हणजे जहाजाला वाट दाखविणारा नाविक, जहाजाच्या ब्रिजवर उभा राहून जहाज खाडीतून बाहेर काढीत होता. १९३१ च्या ऑगस्टात याच बॅलार्ड पिअरवरून 'राजपुताना' जहाजाने गोलमेज परिषदेस निघालेल्या गांधीजींनी दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढले आणि बराचसा काळ डेकवरच घालविला, हे मला तेव्हा आठवले. वळकटीवाल्यांना शोभणारा तो उतारू. कुलाब्याच्या टोकाचा, १८७५ पासून उभा असलेला प्रॉंग्ज दीपस्तंभ डाव्या-उजव्याचा घोळ मिटवून मागे पडला. काही वेळाने आरकाटी दोरीच्या शिडीवरून उतरून आपल्या लाँचमध्ये बसला आणि मुंबईकडे परतला. जहाजावरील शंभर माणसांतील एकानेही त्याला जाताना पाहिले नसेल. पूर्वेस खांदेरी आली. कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरविणाऱ्या त्या बेटावर १८६७ मध्ये उभारलेला दीप संध्याप्रकाशात चमकू लागला होता, आणि त्याच्या पलीकडे, अंधारात बुडत चाललेल्या रेवसच्या बाजूस, रामदासचा खडक होता. वरच्या मजल्यावर तोवर नाच रंगला होता.

या दिवाळीनंतर ज्या वाचकांच्या सफरी ठरल्या असतील त्यांना माझी एकच विनंती आहे. केबिनीत शिरताच वळकटी, चुकलो, सुटकेस उघडण्यापूर्वी दार लावून घ्यावे आणि त्याच्या मागल्या बाजूस जे लिहिले आहे ते वाचावे. एक अक्षर किंवा एक आकडा असतो; तो पाठ करून मग चहाला जावे.