एक पापणी अचानक पडली, तर डॉक्टर मेंदूचा स्कॅन का सांगतात?

एका डोळ्याची पापणी खाली आली, एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, की माणूस आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो. कुंडल-पलूस भागात मोठा दवाखाना म्हटलं की मिरज. तिथे 1894 मध्ये वानलेस हॉस्पिटल सुरू झालं, आता सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. तपासणीत डोळा ठणठणीत निघतो आणि डॉक्टर स्कॅन लिहून देतात. 'दुखणं डोळ्याचं, मग फोटो डोक्याचा कशाला?'

कारण डोळा हलवणाऱ्या नसा मेंदूच्या देठातून निघतात. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात. त्यातले चार, शिवाय पापणी उचलणारा स्नायू, एकटी तिसरी नस सांभाळते. बाहुली आकसण्याचं कामही तिचंच.

इथे बाहुली बरंच काही सांगून जाते. बाहुलीकडे जाणारे तंतू या नसेच्या बाहेरच्या थरात असतात. शेजारच्या रक्तवाहिनीला फुगा आला, तर पहिला दाब त्यांच्यावर पडतो आणि बाहुली मोठी होते. मधुमेहात नसेच्या गाभ्याचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून बाहुली बहुतेक वेळा शाबूत राहते आणि नस काही महिन्यांत सावरते. पापणी पडलेली, बाहुली मोठी आणि डोकं प्रचंड दुखतंय, तर 'उद्या बघू' म्हणायची सोय नाही. फुगा फुटला तर जीव जाऊ शकतो. शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी अँजिओग्राफीत तो काही मिनिटांत दिसू शकतो. नसेवरची सूज, गाठ किंवा मेंदूच्या देठातला छोटा झटका एमआरआयमध्ये जास्त स्पष्ट कळतो.

उलट, पापणी किंचित पडलेली आणि बाहुली लहान असेल, तर स्कॅन मान आणि छातीच्या वरच्या भागाचाही होतो. बाहुली मोठी करणारी नस तिथून वळसा घालून डोळ्यापर्यंत येते!

पण काही वेळा स्कॅनच्या रांगेत थांबणं धोक्याचं ठरतं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या सकाळी दोन्ही पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, तर मण्यार चावल्याची शंका घ्यावी. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, खूण सापडत नाही. विष नस आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे काम करतं, त्यामुळे मेंदूचा स्कॅन स्वच्छ येतो. पुढची पाळी श्वासाच्या स्नायूंची असते. अशा रुग्णाला थेट सर्पदंशाची लस आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्यावं लागतं.