देव न मानणारा धम्म आणि इंग्लंडचा धर्मादाय कायदा

शिक्षण-नोकरीसाठी इंग्लंडला गेलेले आपले तरुण तिथे एकत्र येतात, वंदना घेतात, भीमजयंती साजरी करतात. पुढे संस्था नोंदवायची वेळ आली की प्रश्न पडतो : आपले काम तिथल्या कायद्यात ‘चॅरिटी’ ठरते का? इथून त्यांना साथ देणाऱ्या कार्यकर्त्यांनाही याचे उत्तर माहीत असावे, म्हणून आम्ही हा विषय मांडत आहोत.

या कायद्याचे मूळ 1601 च्या एका कायद्याच्या प्रस्तावनेत आहे. 1891 च्या पेम्सेल खटल्यात न्यायालयाने धर्मादाय कामाचे चार गट सांगितले : गरिबी निवारण, शिक्षण, धर्माचा प्रसार आणि इतर लोकोपयोगी कामे. आज इंग्लंड व वेल्ससाठी 2011 चा चॅरिटीज अ‍ॅक्ट लागू आहे आणि त्यात उद्देशांचे 13 प्रकार दिले आहेत. उद्देश त्यात बसला पाहिजे आणि त्यातून जनतेचे हित साधले पाहिजे, अशा दोन्ही अटी आहेत.

शिवाय संस्थेचे सर्वच्या सर्व उद्देश धर्मादाय असावे लागतात. डिप्लॉक नावाच्या गृहस्थाने मृत्युपत्रात आपली संपत्ती ‘धर्मादाय किंवा परोपकारी’ कामांसाठी ठेवली. परोपकारी असलेले प्रत्येक काम कायद्याने धर्मादाय असतेच असे नाही. त्या एका ‘किंवा’मुळे 1944 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ही देणगी रद्द ठरवली. तोवर पैसा अनेक संस्थांना वाटून झाला होता. तो परत मिळवण्यासाठी पुन्हा खटले चालले. घटना लिहिताना शब्द तोलून वापरावे लागतात ते यासाठी.

आता आपला प्रश्न. 1970 च्या एका खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी उपासनास्थळाचा संबंध देवाच्या पूजेशी जोडला आणि बौद्ध विहारांना अपवाद म्हटले. म्हणजे बौद्धांना जागा होती, पण अपवाद म्हणून. 2006 च्या कायद्याने हे चित्र बदलले आणि 2011 च्या कायद्याने तेच कायम ठेवले. धर्म या शब्दात देव न मानणारा धर्मही येतो, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. धम्माला आता अपवादाची गरज उरलेली नाही.

पण जनहिताची अट सुटत नाही. 1949 च्या गिल्मर खटल्यात मठाबाहेर न पडणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींच्या प्रार्थनेचा जनतेला होणारा लाभ सिद्ध करता येत नाही, म्हणून त्यांचा मठ धर्मादाय ठरला नाही. आपल्यासाठी धडा असा की विहाराचे दार आणि तिथले धम्मवर्ग सर्वांसाठी खुले हवेत. केवळ ओळखीच्या चार घरांपुरते मंडळ चालणार नाही.

चळवळीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक मुद्दा राजकारणाचा आहे. कायदा बदलणे हाच संस्थेचा उद्देश असेल तर ती चॅरिटी होऊ शकत नाही. 1981 मध्ये अ‍ॅम्नेस्टीच्या ट्रस्टला याच कारणाने नकार मिळाला. मात्र मानवी हक्क आणि समतेचा पुरस्कार हे आज मान्य उद्देश आहेत. ब्रिटनच्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याची तरतूद 2013 मध्ये झाली, पण 2018 मध्ये सरकारने माघार घेतली. समतेसाठी काम करणारी चॅरिटी आपल्या उद्देशाचे साधन म्हणून या प्रश्नावर आवाज उठवू शकते. एखाद्या राजकीय पक्षाला पाठिंबा मात्र देऊ शकत नाही.

देखरेख चॅरिटी कमिशन करते. त्याची सुरुवात 1853 मधली. 2011 च्या कायद्यानुसार वर्षाला 5,000 पौंडांहून अधिक उत्पन्न असलेल्या संस्थेला सहसा नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत चॅरिटीची माहिती कुणालाही ऑनलाइन पाहता येते. विश्वस्तांना पदाचा खासगी फायदा घेता येत नाही आणि गैरकारभार झाल्यास कमिशन चौकशी करते. दुसरीकडे, करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे गिफ्ट एडमधून संस्थेला आणखी 25 पेन्स मिळतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : आधी उद्देश नीट लिहा, दार उघडे ठेवा, हिशेब चोख ठेवा. समाजाने घाम गाळून दिलेला पैसा कायद्याच्या एका शब्दापायी अडकू नये. बाबासाहेब बॅरिस्टर झाले ते याच इंग्लंडमध्ये. त्यांच्या नावाने उभ्या राहणाऱ्या संस्थेचे कागद तरी पक्के असावेत.

जय भीम, नमो बुद्धाय!