परक्या मुंग्यांत राणी

युरोपात जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात लॅसियस नायगर या काळ्या बागमुंगीच्या राण्या मीलनासाठी हवेत उडतात आणि खाली उतरल्यावर पंख गाळून टाकतात. मुंग्या पाळणारे हौशी लोक याच दिवसांची वाट पाहत असतात. एकटी राणी हाती लागली की नवशिक्याला तिची कीव येते. सोबत म्हणून तो अंगणातल्या चार-सहा कामकरी मुंग्या पकडून, राणीला ठेवलेल्या परीक्षानळीत सोडतो. बहुधा ही सोबतच राणीच्या जिवावर उठते.

एक कामकरी तिच्या अंगावरून मिश्या फिरवते, थबकते आणि जबडे उघडून तिचा पाय धरते. दुसरी तिची मिशी पकडते आणि दोघी विरुद्ध दिशांना ओढू लागतात. तिसरी पोट पुढे वळवून फॉर्मिक आम्ल फवारते.

हे वैर वासाचे आहे. मुंगीच्या अंगावर हायड्रोकार्बनचा मेणचट थर असतो. तो शरीरातला ओलावा टिकवतो आणि ओळखही पटवतो. एकमेकींना चाटताना, तोंडाला तोंड लावून अन्न देताना साऱ्या वारुळाचा वास एक होतो. म्हणूनच एकाच जातीच्या शेजारच्या वारुळातली मुंगीही परकी ठरते.

कोषातून नुकत्याच निघालेल्या मुंगीवर मात्र हा ठसा जेमतेम उमटलेला असतो. अमेरिकन संशोधक अॅडेल फील्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वेगवेगळ्या जातींच्या अशा नवजात मुंग्या एकत्र वाढवल्या आणि त्या गुण्यागोविंदाने राहिल्या. जाणते हौशी म्हणूनच राणीला मोठ्या मुंग्या देत नाहीत, तिच्याच जातीचे कोष देतात. त्यातून निघणाऱ्या मुंग्या तिला आपली मानतात. राणी आणि परक्या मुंग्यांना फ्रीजमध्ये गारठवून एकत्र ठेवण्याचा उपाय कच्चा आहे. थंडीने हालचाल मंदावते, वास बदलत नाही.

परक्या वारुळात शिरण्याची विद्या काही राण्यांना मात्र उपजत असते. लॅसियस अम्ब्रेटसची राणी आधी तिथल्या एका कामकरीला मारून तिचा वास अंगाला लावून घेते. जपानमधल्या क्यूशू विद्यापीठाचे केइझो ताकासुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2025 मध्ये याहून भयंकर प्रकार मांडला. लॅसियस ओरिएंटालिसची राणी वारुळाचा वास अंगाला लावून आत शिरते आणि तिथल्या राणीवर द्रव फवारते. तो बहुधा फॉर्मिक आम्ल असावा. मग त्या राणीच्या लेकीच आपल्या आईवर तुटून पडतात आणि तिला ठार करतात. गादी घुसखोर राणीला मिळते.

काळ्या बागमुंगीच्या राणीला यातले काहीच करावे लागत नाही. पंखांचे निरुपयोगी स्नायू आणि अंगातली चरबी यांवर ती स्वतः जगते आणि पहिली पिल्ले वाढवते. पहिल्या कामकरी यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. सारखी ढवळाढवळ केली तर ती स्वतःची अंडीही खाते. पाळलेली अशी एक राणी तब्बल 28 वर्षे जगल्याची नोंद आहे.

अशी राणी मिळाली तर तिला ओलसर कापसाची नळी आणि अंधार द्यावा. अंगणातल्या मुंग्या त्यांच्या वारुळातच राहू द्याव्यात.