आधी थोडेच पाठव

बिटकॉइनसारखी नाणी सांभाळणारं वॉलेट बदलायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात वॉलेटची किल्ली असलेले जुनेच बारा शब्द नव्या ॲपमध्ये टाकायचे. नाणी असतात त्याच पत्त्यांवर राहतात, ती दाखवणारं ॲप तेवढं बदलतं. दुसऱ्यात नव्या ॲपमध्ये नवे बारा शब्द तयार करून घ्यायचे आणि नाणी खरोखर नव्या पत्त्यावर पाठवायची. पहिल्याला फी पडत नाही, म्हणून लोक तो पटकन धरतात. पण जुने शब्द एकदा जरी कुणाच्या नजरेखालून गेले असतील, तर ॲप बदलून काहीच साधत नाही. ज्याच्याकडे शब्द, त्याची नाणी.

बोरी अरबला यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर माझ्या मावसभावाचं ऑनलाइन सेंटर आहे. दिवसभर सातबारा, पीकविमा, पॅनकार्डाचे अर्ज. एका संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही त्याच्या स्वतःच्या कामाला बसलो. जुन्या फोनमधलं थोडं बिटकॉइन आणि काही टेथर, म्हणजे डॉलरशी बांधलेलं नाणं, नव्या फोनमध्ये न्यायचं होतं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजवरून सुमारे २३.५ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. भावाची नाणी दुसऱ्या एक्सचेंजवर होती, तरी तो हादरला आणि सगळं स्वतःच्या वॉलेटमध्ये घेऊन बसला. त्या गडबडीत त्यानं बारा शब्दांचा फोटो काढला आणि तो फोटो आपोआप क्लाउडवर गेला. म्हणून मार्ग दुसराच धरायचा, नवे शब्द आणि नवा पत्ता, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

ॲप घेताना शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवायचं नाही, वॉलेटच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यानंच जायचं. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम वॉलेट वापरणाऱ्यांना खुद्द वॉलेटच्या खिडकीत ‘नवी आवृत्ती घ्या’ असा संदेश दिसला. ज्यांनी ती घेतली, त्यांची मिळून दोनशेहून जास्त बिटकॉइन गेली. चोरांनी वॉलेटशी जोडले जाणारे सर्व्हर उभे करून तो संदेश पाठवला होता.

नवे शब्द पडद्यावर आले तसे भावानं ते कागदावर देवनागरीत उतरवायला घेतले. मी हात धरला. हे शब्द २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. त्या यादीत ‘बरोबर’ या अर्थाचा राईट आहे आणि ‘लिहिणे’ या अर्थाचाही राईट आहे. पूल आणि पुल असे दोन वेगळे शब्दही आहेत. देवनागरीत हे गोंधळ उडवतात, आणि दोन वर्षांनी कागद उघडणाऱ्याला नेमका कोणता ते कळणार कसं? रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येकापुढे क्रमांक घालून त्यानं पुन्हा लिहिलं.

मग मी त्याला ते नवं वॉलेट, एक पैसाही आत नसताना, पुसून टाकायला लावलं. कागदावरचे शब्द टाकून ते परत उभं करायचं आणि आधी आलेला पत्ता तोच येतो का पाहायचं. या सगळ्या कामातली ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि हीच लोक सोडतात. कागद खरा आहे की नाही, हे पैसे आत गेल्यावर कळून उपयोग नाही. पत्ता तोच आला.

आता पाठवणं. पत्ता क्यूआरनं घ्यायचा, कॉपी-पेस्ट टाळायचं, कारण कॉपी केलेला पत्ता मधल्या मध्ये बदलणारे व्हायरस आहेत. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलणं त्याहून घातक. चोर तुम्ही आधी वापरलेल्या पत्त्यासारखीच सुरुवात आणि तसाच शेवट असलेला पत्ता बनवतात आणि तिथून किरकोळ रक्कम पाठवून तो तुमच्या यादीत घुसवतात. मे २०२४ मध्ये एकानं असाच पत्ता उचलला आणि ११५५ रॅप्ड बिटकॉइन, म्हणजे सुमारे ६.८ कोटी डॉलर, चोराला पाठवून बसला. पुढे ती रक्कम बहुतांश परत मिळाली, पण तसं क्वचितच घडतं.

“दादा, पाठवू काय मंग?”

“थांब. मधातले अक्षरं पाह्यले काय?”

त्यानं पाहिली, मोठ्यानं वाचली, मी नव्या फोनवर ताडली. मग अगदी थोडं बिटकॉइन पाठवलं. बिटकॉइनची फी रकमेवर ठरत नाही, व्यवहाराचा आकार किती आणि जाळ्यावर गर्दी किती यावर ठरते. त्यामुळे चाचणीचा खर्च वेगळा पडतो, पण तो द्यायलाच हवा. इथे चुकलेला व्यवहार परत फिरवणारा बँक मॅनेजर नसतो.

बटण दाबलं आणि त्याच वेळी रेंज गेली. भावाचा चेहरा उतरला. पण पैसे मधेच अडकत नाहीत. सही झालेला व्यवहार जाळ्यावर पोचतो किंवा पोचत नाही. पोचला नसेल, तर नाणी अजून जुन्या पत्त्यावरच असतात. घाबरून पुन्हा दाबण्यापेक्षा रेंज आल्यावर ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, आपला पत्ता टाकून पाहावं. व्यवहार गेला होता. बिटकॉइनचा नवा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक थांबायची पद्धत आहे. आम्ही थांबलो आणि मग उरलेलं पाठवलं.

टेथरनं वेगळीच अडचण दाखवली. ते ट्रॉनच्या जाळ्यावर होतं आणि तिथली फी टेथरमध्ये नाही, ट्रॉनच्या स्वतःच्या नाण्यात भरावी लागते. भावाकडे ते नव्हतंच. आधी ते थोडं मागवावं लागलं. जाळं नीट पाहणंही इथेच गरजेचं. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षरानं सुरू होतो, इथेरियम या दुसऱ्या जाळ्याचा शून्य आणि एक्सनं, त्यामुळे ही चूक ॲपच सहसा पकडतं. पण इथेरियम आणि बीएनबी चेनचे पत्ते हुबेहूब सारखे असतात, तिथे ॲप गप्प राहतं.

“तूच करून देत जाय ना हे,” असं तो मधेच म्हणाला. मी नाही म्हटलं, कारण मदत करणाऱ्यावरच संशय येऊ शकतो. पुण्यात गेनबिटकॉइन या गुंतवणूक घोटाळ्याच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. त्यातले एक माजी आयपीएस अधिकारी होते. आरोपींच्या वॉलेटमधली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली, असा आरोप होता. शब्द मी वाचले नाहीत, लिपी तेवढी दिसली; पुन्हा लिहिताना तर मान वळवली होती. हे त्याच्याइतकंच माझ्या भल्याचं आहे.

शेवटी वहीत नोंद केली: तारीख, दोन्ही पत्ते, व्यवहाराचा क्रमांक, फी. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. आपल्याच एका वॉलेटातून दुसऱ्यात नेणं ही विक्री नव्हे, पण दोन्ही पत्ते आपलेच होते हे दाखवता यायला हवं. क्लाउडवरचा फोटो पुसला, जुन्या शब्दांचा कागद मात्र ठेवला, कारण जुन्या पत्त्यावर उद्या कुणी काही पाठवू शकतं.

बँकेच्या खात्याला नॉमिनी नोंदवता येतो, या वॉलेटला नाही. म्हणून शब्दांची दुसरी प्रत कारंज्याला बहिणीकडे बंद पाकिटात द्यायची ठरली. बायकोला बोलावून पहिली प्रत कुठे ठेवली आणि ती कशाची आहे, ते भावानं सांगितलं. तिनं विचारलं, हे शब्द टाकायचे कुठे? त्यावर त्यानं तिच्याच फोनवर एक रिकामं वॉलेट उघडलं आणि तिला पहिल्या पायरीपासून करून दाखवायला सुरुवात केली.